आजोबांची पोस्टकार्डं आणि आजीची नक्षत्रं

परवा कापड्याहून चुलतभावाचा फोन आला. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईची खोली बंद करून गावी गेला तो तिथेच राहिला. आता परसात काहीबाही लावतो, दोन म्हशी आहेत, बरं चाललंय. म्हणाला, "ताई, परसात कुठल्या महिन्यात काय लावायचं त्याची एक यादी करून दे ना. तुला वाचायचा नाद आहे. इथं आता सांगणारं कुणी राहिलं नाही."

एवढंच ना? मी हो म्हणून बसले. म्हटलं, तासाभराचं काम. तीन आठवडे झाले, यादी अजून अपुरी आहे. त्या तीन आठवड्यांत काय काय सापडलं त्याची ही गोष्ट. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिल्या दिवशी चार पुस्तकं आणि दोन कॅलेंडरं चाळून महिनेवारी तक्ता तयार केला. जुलै : कुंड्यांना एक दिवसाआड पाणी द्यावे. हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. जुलैत कापड्याला एक दिवसाआड पाणी! ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला निघालं की घाट चढायच्या आधीच कापडे लागतं. तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला जायची वाटही इथूनच. मागे सह्याद्रीची भिंत, वर महाबळेश्वर. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत परसात पाणी घालायचं नसतं, परस वाहून जाणार नाही एवढं बघायचं असतं.

तक्ता फाडून टाकला. मग आठवला बाबांच्या कपाटातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. माझे आजोबा मुंबईला राणीच्या बागेत माळी होते. आजी आणि मुलं कापड्याला. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीत आणि मे महिन्यात. बाकीचं वर्ष पोस्टकार्डांवर चालायचं. त्यातली चाळीसेक कार्डं बाबांनी जपून ठेवलीत. मजकूर साधारण ठरलेला. मनिऑर्डर मिळाली का, म्हैस व्याली का, पोराला शाळेत घाल. आणि खाली, उरलेल्या जागेत, अगदी बारीक अक्षरात बागेविषयी सूचना. गणपती झाले की कोबीचं बी गमल्यात पेर, वर पेंढ्याची सावली कर. ऑक्टोबरात गुलाब छाट. (कापड्याला गुलाब! एक होता, तोही शेळीनं खाल्ला असं बाबा सांगतात.) मे महिन्यात खड्डे खणून ऊन खाऊ दे. राणीच्या बागेत त्या त्या महिन्यात जे काम चालू असेल तेच आजोबा गावी लिहून पाठवायचे.

लहानपणी मला याचं फार कौतुक वाटायचं. आता ती कार्डं तारखेप्रमाणे लावून वाचली तेव्हा प्रश्न पडला, आजोबांना तरी हे कुणी सांगितलं? राणीच्या बागेतल्या मुकादमानं. मुकादमाला कुणी? असं मागे मागे जात राहिले.

मागे जाता जाता थेट लंडन लागलं. तिथं चेल्सीला औषधी वनस्पतींची एक जुनी बाग आहे. तिचा मुख्य माळी होता फिलिप मिलर. १७२२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं त्यानं ती बाग सांभाळली आणि १७३० च्या दशकाच्या सुरुवातीला बागकामाचं महिनेवारी कॅलेंडर छापलं. जानेवारीत काय करायचं, फेब्रुवारीत काय, असं बारा महिने. पुस्तक एवढं खपलं की पुन्हा पुन्हा छापावं लागलं. मध्येच १७५२ साली इंग्लंडनं आपलं पंचांग बदललं आणि त्या वर्षातले ११ दिवस गाळून टाकले. म्हणजे जुन्या आवृत्तीतल्या सगळ्या तारखा रातोरात ११ दिवस चुकीच्या झाल्या. झाडांना अर्थातच याचा पत्ता नव्हता.

ही महिनेवारी सल्ल्याची सवय साहेबाबरोबर बोटीत बसून आपल्याकडे आली. पुण्याजवळ दापोडीला गव्हर्नरचा बंगला होता. त्याच्या आवारात १८२८ साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ पासून तिथं अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर प्रमुख होता. त्या काळी वनस्पतींचं काम डॉक्टरांकडेच असायचं, कारण औषधं झाडांतूनच यायची. दापोडीच्या बागेत लष्कराच्या इस्पितळांसाठी औषधं तयार होत, परदेशी झाडं इथं रुजतात का ते पाहिलं जाई, बी आणि रोपं वाटली जात. १८४० च्या दशकाच्या अखेरीस गिब्सननं एका हिंदी चित्रकाराकडून झाडाफुलांची चित्रं काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि २००२ साली त्यांच्यावर हेन्री नोल्टी यांचं पुस्तकही निघालं. गिब्सनचं नाव आहे, बागेचं आहे, प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव आहे. चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही. तिथं खड्डे खणणाऱ्या माळ्यांचं तर विचारूच नका.

हा गिब्सन आपल्या कापड्याच्या गोष्टीत दुसऱ्या वाटेनंही येतो. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातली जंगलं तुटली की ओढे आटतात, पाऊसपाण्याचा मेळ बिघडतो, असं तो त्या काळात सरकारला बजावत होता. आज वाचताना मान डोलते. पण त्या इशाऱ्याबरोबरच डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीवर त्याचा रोख होता. झाडोरा जाळून त्या राखेत नाचणी-वरी करायची, दोनतीन वर्षांनी जागा बदलायची. दक्षिणेकडे हिला कुमरी म्हणतात, आमच्या जिल्ह्यात दळी. आमच्या पणजोबा-खापरपणजोबांची नाचणी त्या उतारावरचीच. म्हणजे वनस्पती उद्यानातला सल्ला डोंगरातल्या माणसापर्यंत पहिल्यांदा पोचला तो रोपाच्या रूपानं नाही, बंदीच्या रूपानं!

तसंच राबाचं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तिथं फाल्गुन-चैत्रात शेण, पालापाचोळा, झाडाच्या टाळ्या, गवत पसरून वर मातीचा थर देऊन जाळायचं, याला राब म्हणतात. पुढे सरकारी जंगलातून टाळ्या तोडायला आडकाठी झाली तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ साली त्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. (आपला रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. नाव १९८१ साली बदललं.) काही साहेबांना वाटे की राब म्हणजे निव्वळ लाकडाची नासाडी. शेतीतज्ज्ञ व्होल्कर इंग्लंडहून आले, देशभर फिरले आणि १८९३ साली त्यांनी मोठा अहवाल छापला. हिंदी शेतकऱ्याला अडाणी समजू नका, काही बाबतींत तो आमच्या शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, असा त्यांचा एकूण सूर होता. मुसळधार पावसाच्या मुलखात राबाला कारण आहे हे त्यांनीही मान्य केलं. कारण साधं आहे. भाजलेल्या मातीत तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं आणि रोप जोमदार येतं. लावणीनंतर आठ दिवस पाण्यात उभं राहायचं तर रोप जोमदारच लागतं.

आता राणीची बाग. ही उभी केली पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान संस्थेनं. या संस्थेची आधी शिवडीला बाग होती. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रियरच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली. तेव्हा हे वनस्पती उद्यानच होतं, जनावरं नंतर आली. १८७३ साली संस्था डबघाईला आली आणि बाग नगरपालिकेकडे गेली. नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, लोक पेंग्विन बघायला रांगा लावतात, आणि रांगेतल्या डोक्यांवर जी तीनेक हजार झाडं उभी आहेत त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आजोबांना मात्र झाडंच दिसायची. आम्हा पोरांना ते हत्तीआधी उर्वशी दाखवायला न्यायचे. लालभडक फुलांचे झुंबरासारखे घोस लोंबणारं झाड. मूळ ब्रह्मदेशातलं. वॉलिक नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या, लेडी अॅम्हर्स्टच्या नावावरून त्याचं बारसं केलं. आजोबा त्याला "अमरशा" म्हणायचे आणि ते इंग्रजी नाव आहे हे अभिमानानं सांगायचे.

तर राणीच्या बागेतलं कामाचं वेळापत्रक असं या साहेबी शाळेतून आलेलं. पावसाळा संपताना हंगामी फुलांचं बी पेरायचं, थंडीत वाफे फुलवायचे, उन्हाळ्यात माती तयार करायची. मुंबईला ते लागूही पडत असेल. पुण्याला तर पडतच होतं. दापोडी मागे पडल्यावर १८७३ साली पुण्याला गणेशखिंडीत नवं वनस्पती उद्यान निघालं. तिथले प्रमुख वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं, त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९०४ साली त्यांनी आंब्यावरही एक पुस्तक लिहिलं. फ्लॉवर, नवलकोल, बीट, सॅलड ही मंडळी आपल्या ताटात आली ती अशा बागांच्या आणि पुस्तकांच्या वाटेनं. गणेशखिंडीची थोरवी मी कमी करत नाहीये. बाजारात 'लखनौ ४९' किंवा 'सरदार' म्हणून जो पेरू मिळतो, तो लखनौकडून आलेल्या बियांच्या रोपांतून निवडला गणेशखिंडीतच, १९२७ साली, डॉ. चीमा यांनी. नाव लखनौचं आणि जन्म पुण्याचा! १९२१ साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं आंब्यावर ग्रंथ काढला त्यावर बर्न्स यांच्या शेजारी प्रयाग हे आपल्याकडचं नाव छापलेलं आहे. दापोडीचा निनावी चित्रकार आणि हे छापील नाव यांच्यात सत्तरएक वर्षं गेली. गणेशखिंडीची बाग २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, हेही चांगलंच झालं.

पण पुण्याचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. तिथलं पुस्तक घाट उतरून कापड्याला आलं की त्याची पानं भिजतात.

घाटाच्या वरच्या अंगालाही हेच झालं. महाबळेश्वरला लिंगमळ्यात १८६० च्या दशकात सरकारनं सिंकोना लावला. सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन मिळतं, हिवतापाचं औषध. निलगिरीत ही झाडं रुजली होती, मग इथं का नाही? नाही रुजली. चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडं, हे त्या झाडाला मानवलं नाही आणि १८७० च्या दशकात तो नाद सोडावा लागला. त्याच महाबळेश्वरात १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत चिनी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी बटाटे आणि भाज्यांचे मळे केले, ते मात्र जमले, आणि आसपासच्या लोकांनी ते पाहून उचलले. कैद्यांकडे पुस्तक नव्हतं. रोज त्याच मातीत हात घालायचे, एवढंच.

आता माझ्या आजीकडे येते.

आजीला लिहितावाचता येत नव्हतं. कार्ड आलं की बाबा वाचून दाखवायचे. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि आपल्याला हवं तेच करायची. तिचं पंचांग नक्षत्रांचं. तिथ्या दरवर्षी मागेपुढे होतात, गणपती कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात. पण पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून ती तारखेला धरून असतात. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या आसपास. अर्थात हीसुद्धा हळूहळू सरकतात, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. वुड्रोसाहेब गणेशखिंडीत आले तेव्हा मृग आतापेक्षा दोनेक दिवस आधी लागत असणार.

पण आजी नुसत्या नक्षत्रावरही विसंबायची नाही. नक्षत्र म्हणजे तिच्या लेखी फक्त "आता लक्ष ठेव" अशी हाक. नक्की वेळ ठरायची ती खुणेवर. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असं ती मानायची आणि तेव्हापासून सरपण आत घ्यायला लागायची. रोहिणीत काजवे दिसले की मांडवाखालची आळी खणून त्यांत राख आणि शेणखत. मृगाच्या पहिल्या पावसाला बी टाकायचं नाही. तो नुसता धूळ बसवतो. माती वीतभर खाली भिजली, मूठ आवळून ढेकूळ धरलं, आणि रानात शेवळं वर आली की मग काकडी, पडवळ, शिराळी, भोपळा. आर्द्रा-पुनर्वसूत परस बंद, सगळ्यांनी लावणीला आवणात. त्या दिवसांत भाजी लावायची गरजच नसायची. टाकळा, कुर्डू, भारंगी रानात फुकट. तेरडा फुलला की गौरी जवळ आल्या, काकड्या मोजून ठेवायच्या. हस्ताचा गडगडाट संपून आभाळ उघडलं की माठ, मुळा, वांगी, मिरची. भात कापलं आणि सकाळी बांधावरून जाताना दव पायाला लागलं की वाल आणि पावटा. या दवावर तिचा फार भरवसा. वर पाणी नाही, विहीर लांब, पण जमिनीतली ओल आणि दव एवढ्यावर पावटा उभा राहायचा.

आता या दोन पंचांगांची टक्कर कशी झाली ते ऐका. १९६७ च्या सप्टेंबरातल्या कार्डात कोबीची सूचना आहे, गणपती झाले की पेर वगैरे. सोबत कुणाबरोबर तरी बियांची पुडीही पाठवली होती. त्या वर्षी आजीनं नवऱ्याचा शब्द मानला. बी पेरलं, पेंढ्याची सावली केली, सगळं कार्डाबरहुकूम. आणि पाऊस उघडलाच नाही. कोवळी रोपं बुडाशी सडून एका रांगेत आडवी झाली. तिनं बाबांकडून उत्तर लिहून घेतलं. आजोबांनी ते कार्ड मुंबईला जपून ठेवलं होतं, म्हणून तेही डब्यात आहे. बाबांचं तिसरी-चौथीतलं अक्षर : कोबी सडली. पावटा लावला आहे. तुमची तब्येत सांभाळा.

बस, एवढंच. ना राग, ना टोमणा.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या कार्डांची. आधी वाचताना लक्षात आलं नव्हतं, तारखेनं लावल्यावर दिसलं. १९६८ नंतर आजोबांच्या सूचनांमधून महिनेच गायब होतात! "सप्टेंबरात" ऐवजी "तुझ्याकडे पाऊस उघडला की". "जूनमध्ये" ऐवजी "तुला वाटेल तेव्हा". सत्तरच्या दशकातल्या एका कार्डात तर उलटा प्रश्न आहे : पावट्याला दव किती लागतं, इथं मुकादम विचारतो. मुंबईच्या एवढ्या मोठ्या बागेतला मुकादम कापड्याच्या बाईला विचारतोय, आणि उत्तर काय गेलं ते मात्र डब्यात नाही.

आजोबांचा सगळा सल्ला वाया गेला असंही नाही हं. मे महिन्यात खड्डे उन्हात तापवायचे, रोप लावताना मुळांची गुंडाळी सोडवायची, फांदी तिरकी छाटायची, हे आजीनं उचललं आणि आमच्या काकूंपर्यंत पोचवलं. एका जूनमध्ये आजोबांनी एसटीच्या टपावर गोणपाटात गुंडाळून हापूसचं कलम आणलं. झाड झालं, पानांनी डवरलं, पण मोहोर धरायच्या वेळी खोऱ्यात धुकं उतरायचं आणि मोहोर करपायचा. समुद्राकाठच्या कातळावरचा राजा आमच्या डोंगराच्या कुशीत कधी रमला नाही. दोन वर्षांआड डझनभर आंबे यायचे. आजी म्हणायची, "म्हमईचा पावणा हाय, खातोय जास्त, देतोय कमी." रायवळ मात्र दरवर्षी पाटी भरायचा.

कोकणाला वेगळा सल्ला लागतो हे सरकारलाही पुढे उमगलं. १९६८ साली राज्यासाठी राहुरीला एक कृषी विद्यापीठ निघालं होतं. १८ मे १९७२ ला दापोलीला कोकणचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. (दापोली कोकणातली, मघाची दापोडी पुण्याची, घोळ करू नका!) नीलम आणि हापूस यांच्या संकरातून त्यांनी 'रत्ना' काढला, कोयीवर कलम बांधायची रीत गावोगाव नेली. चुलतभावानं आता रत्नाची दोन कलमं लावलीत. बघू.

आजोबा निवृत्त होऊन ऐंशीच्या दशकात कापड्याला आले. ओटीवर बसून ते आजीला विचारायचे, "आता काय लावायचं?" हे मी स्वतः ऐकलेलं आहे. तीस वर्षं राणीच्या बागेत काढलेला माणूस. आणि आजी न बघता म्हणायची, "थांबा जरा, अजून दव कुठं पडतंय."

ते दोघंही आता नाहीत. तिनं सांगितलेलं मी ऐकलं, लिहून काही घेतलं नाही. तेव्हा वाटायचं, यात लिहिण्यासारखं काय आहे?

आणि आता पाऊसच तसा राहिला नाही. २५ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवत्याला दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी. त्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाहून थोडाच कमी, एका दिवसात. ती माणसं गेली त्यापुढे परसबागेचं बोलणंही थिटं वाटतं. पण त्याच रात्री आमच्या घराची मागची मातीची भिंत बसली, आणि त्या भिंतीवर आजीच्या वेळेपासून दरवर्षी काकडीचं बी शेणात थापून चिकटवलेलं असायचं. काकूनं माळ्यावरचा तुंबा तेवढा वाचवला, त्यात पावटा होता. काकडी गेली.

चुलतभाऊ म्हणतो, "सांगणारं कुणी राहिलं नाही." मला आधी वाटलं तो तारखा विचारतोय. तो खुणा विचारत होता. मिलरपासून आजोबांच्या मुकादमापर्यंत सगळ्यांनी लिहून ठेवल्या तारखा, कारण तारीख कागदावर मावते आणि बोटीतून, टपालातून कुठंही पाठवता येते. खुणा ज्या गावच्या त्याच गावात राहतात, आणि सांगणारं माणूस गेलं की जातात. पण पाऊस महिनाभर मागेपुढे झाला तर कामाला येईल ती खूणच. शेवळं काही कॅलेंडर बघून उगवत नाहीत.

म्हणून मी यादीचे दोन रकाने केलेत. डावीकडे नक्षत्र. उजवीकडे खूण, म्हणजे काय दिसलं, काय ऐकू आलं, पायाला काय लागलं की हात घालायचा. डावा रकाना एका दुपारी भरला. उजव्यात अजून सहा जागा रिकाम्या आहेत. माठ नेमका कशावरून टाकायची? मिरचीचं रोप काढायच्या आधी ती काय बघायची? आळूचे कांदे कधी हलवायची?

काकू, आत्या, पोलादपूरची मावशी, तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर कळवा, अर्धवट आठवत असलं तरी चालेल. बाकीच्यांनी आपापल्या घरातल्या खुणा लिहा, त्या माझ्या रकान्यात बसल्या नाहीत तरी वाचायला आवडतील. आणि आजीच्या काकडीचं बी तिनं लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीला दिलं होतं. आखूड, जाड, पांढुरकी काकडी, पिकली की तपकिरी जाळीची होणारी. कुणाच्या तरी भिंतीवर अजून असेलच. असलं तर चार बिया कापड्याला पाठवा. मृगाच्या आत नको, शेवळं आली की.